जाड आवाजाची बाई

सहावीत असताना शाळेच्या समूहगीतातून मला काढलं होतं. कारण एकच सांगितलं, "तुझा आवाज मुलांसारखा येतो, बाकीच्या मुलींत मिसळत नाही." तेव्हापासून मी गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवायचे. घरी मात्र जात्यापाशी, धुण्याच्या दगडापाशी, कपाशी वेचताना मोकळ्या आवाजात म्हणायचे. माझा आवाज जाड आहे. खाली जातो आणि तिथेच बसतो. लताबाईंचं गाणं म्हणायला गेले की निम्म्यातच श्वास तुटतो. हा दोष आहे, हे मी पुढची तीसेक वर्षं धरून चालले होते.

मी अमळनेरला राहते आणि ब्लाऊज शिवते. गेली अकरा वर्षं अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला कोरस म्हणून जाते. लग्नसराईच्या आधीचे दोन महिने आणि श्रावणाच्या आधीचा एक महिना आमचा हंगाम. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना स्पंज, दाराला गोधडी, माइकपुढे गोल जाळी. मुख्य गायक पुरुष असतो. तो तीन कडवी म्हणतो, आणि ध्रुवपदात आम्हा दोघीतिघींनी त्याला साद द्यायची, कधी दोन ओळी, कधी नुसतं "वं माय, वं माय". माझ्या बाबतीत एक सूचना नेहमीची, "अक्का, तुम्ही माइकपासून जरा मागे थांबा." जाड आवाज पुढे आला की बारीक आवाज झाकले जातात म्हणून.

यूट्यूबवर गाणं आलं की सुरुवातीला नावं येतात. गायक, गीतकार, संगीत, कलाकार, कॅमेरा, एडिटिंग. हल्ली ड्रोन उडवणाऱ्या पोराचंही नाव येतं आणि ते यायलाच पाहिजे, त्याचीही मेहनत असते. पण कोरसवाल्या बाया कुठेच नसतात. ज्या गाण्यांवर पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत लोक नाचतात, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत मी आहे. माझ्या गल्लीला मात्र ते ठाऊक नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नव्हते कधी. आज लिहिते आहे, कारण मधल्या काळात मला एक बाई भेटली. प्रत्यक्ष नाही, गाण्यांतून. ती पोर्तो रिको नावाच्या कॅरिबियन बेटावरची गायिका आहे. तिचं नाव आयव्ही क्वीन.

भेट घालून दिली माझ्या भाच्याने. तो धुळ्याला शिकतो आणि लॅपटॉपवर गाण्यांचं अरेंजिंग करतो. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो एक ट्रॅक जुळवत बसला होता. मी शेजारी ब्लाऊजला हूक लावत होते. ठेका सुरू झाला आणि माझी सुई आपोआप त्याच्यावर चालायला लागली. तो म्हणाला, "फुई, या बीटनं नाव काय शे, माहीत शे का तुले?" मी म्हटलं, हा तर आपल्या लग्नातला ठेका. तो म्हणाला, नाही, याला डेम्बो म्हणतात, हा पार तिकडून आलाय.

डेम्बो कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आठ मोजायचे. एक, चार आणि सात यांवर टाळी द्यायची. तीन, तीन, दोन. खाली मोठा ढोल सरळ चालत राहतो, पण वरची टाळी अशी तिरकी पडते, आणि माणसाची कंबर त्या तिरकेपणामुळे हलते. आमच्या मंडळातले ढोलकीवाले नाना सत्तरीचे आहेत. त्यांना मी मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी पहिल्या दोन आवर्तनांतच मांडीवर धरलं आणि म्हणाले, "हाई ते आपला कहरवाच शे ना भो, नुसता जोर दुसरीकडे शे." कहरवा आठ मात्रांचा, हाही आठांचा. नानांना आश्चर्य वाटलंच नाही. आश्चर्य मला वाटलं.

मग भाच्याने सगळा माग लावून दिला आणि मला त्याचा नादच लागला. जमैकात शब्बा रँक्स नावाचा गायक होता. १९९० च्या सुमाराचं त्याचं एक गाणं होतं, त्याचंच नाव 'डेम बो'. ठेक्याला नाव पडलं ते त्याच्यावरून. पण त्याच्याआधीची गोष्ट पनामाची आहे. पनामाचा कालवा १९१४ साली सुरू झाला. तो खणायला जमैका, बार्बाडोस अशा बेटांवरून हजारो काळे मजूर आणले होते. कालवा झाला, पण त्यांतले पुष्कळजण तिथेच राहिले. त्यांची नातवंडं-पतवंडं स्पॅनिश बोलायला लागली, पण घरात गाणी आजोबांच्या बेटाची. त्यांतल्याच पोरांनी जमैकाच्या चाली घेऊन त्यांवर स्पॅनिश शब्द घातले. एल जनरल हे त्यांतलं सगळ्यात गाजलेलं नाव. तिथून हे न्यूयॉर्कला गेलं आणि पोर्तो रिकोला पोचलं. तिथल्या पोरांना अमेरिकेचा रॅप आधीच ठाऊक होता, स्पॅनिशमध्ये रॅप करणारा विको सी हा त्यांच्यातलाच. दोन्ही एकत्र आलं आणि ज्याला पुढे रेगेटॉन म्हणायला लागले ते तयार झालं.

पोर्तो रिको किती मोठं असेल असं मला वाटलं होतं. भाच्याने आकडे काढले. क्षेत्रफळ साधारण ९,१०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२० च्या गणतीत जवळपास ३३ लाख. आपला जळगाव जिल्हा त्याहून मोठा आहे आणि २०११ च्या जनगणनेतच इथे ४२ लाखांवर माणसं होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याहून लहान बेट. त्यातून अमेरिकेच्या ताब्यातलं, आणि भाषा अमेरिकेची नाही, स्वतःची. तिथला ठेका आज आमच्या हळदीच्या मांडवात वाजतो. हे मला अजूनही रात्री आठवलं की बरं वाटतं.

सुरुवातीला तिथेही हे कॅसेटवर चालायचं. सान हुआन या तिथल्या राजधानीत डीजे निग्रो नावाच्या माणसाचा 'द नॉइज' नावाचा क्लब होता. तिथे पोरं माइकवर यायची, त्याच नावाने कॅसेटांची मालिका निघायची. डीजे प्लेयेरोच्या कॅसेटा अशाच हातोहात पसरायच्या. एकावरून दुसरी भरायची, दुसरीवरून तिसरी. आमच्याकडे कानबाई देवीच्या गाण्यांची कॅसेट अशीच आली होती. माझ्या माहेरी जी होती ती कितव्या हाताची होती देव जाणे, गाण्यापेक्षा खरखर जास्त. पण तिच्यावरच आम्ही गाणी पाठ केली.

सरकारला ती पोरं आवडली नाहीत. सरकारी वसाहतींत राहणारी गरीब पोरं, शब्द उघडेवाघडे, नाच अंगाला अंग लावून. १९९५ साली पोलिसांनी दुकानांवर छापे घालून कॅसेटा उचलल्या. अश्लील म्हणून. पुढे २००२ साली तिथल्या सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी त्या व्हिडिओंवर आणि नाचावर जाहीर सुनावण्याच लावल्या. त्या गाण्यांत बाईबद्दल पुष्कळ वाईट लिहिलेलं होतं, हे खरंच आहे. आमच्याकडच्या काही गाण्यांबद्दलही मला तसंच वाटतं, आणि दोन गाण्यांना मी स्वतः नाही म्हटलेलं आहे. पण वाईट शब्दावर उपाय म्हणून पोलीस पाठवले की शब्द लिहिणारा मोठा होतो. शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावं लागतं. ते उत्तर एका बाईने दिलं.

तिचं खरं नाव मार्ता इवेलिस्से पेसान्ते. जन्म ४ मार्च १९७२, पोर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अन्यास्को गावचा. लहानपणी आईवडील न्यूयॉर्कला गेले, तिचं वाढणं थोडं तिकडे, थोडं इकडे. अठराव्या वर्षी ती सान हुआनला आली, डीजे निग्रोला भेटली आणि 'द नॉइज'मध्ये शिरली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. हिशोब केला तर ज्या सुमाराला मी सहावीत ओठ हलवत उभी होते, त्याच सुमाराला ही पुरुषांच्या त्या घोळक्यात माइक मागत होती.

तिचं पहिलं गाणं १९९५ चं. छापे पडले त्याच वर्षाचं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की आम्ही रॅप करणारे आहोत, गुन्हेगार नाही. पहिल्याच गाण्यात ती सगळ्या पोरांची वकिली करते आहे, ज्या पोरांच्या गाण्यांत तिच्यासारख्या बाईला जागा नव्हती त्यांची. मला यात तिचं मोठेपण दिसतं. आधी घराची बाजू घेतली, मग घरातल्या माणसांशी भांडली.

आणि आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाच्याला म्हटलं, हा पुरुष आहे ना? तो म्हणाला, "नही फुई, बाई शे. तुना आवाज भी असाच शे." मी मशीनवरून उठले. मोबाइल कानाशी धरून पुन्हा लावलं. खालचा आवाज, थोडा खरखरीत, जात्यातून पीठ पडावं तसा. तो बारीक करायचा ती प्रयत्नच करत नाही. उलट ओळीच्या शेवटी आणखी खाली उतरते आणि तिथे टिकून राहते. माझा श्वास लताबाईंच्या गाण्यात जिथे तुटतो, तिथे हिचं गाणं सुरू होतं. त्या दिवशी मी सगळी शिलाई बाजूला ठेवली आणि तिची सात-आठ गाणी ऐकली. एक शब्द कळला नाही. तरी मला कुणीतरी समूहगीताच्या रांगेत परत बोलावल्यासारखं झालं.

तिचा रस्ता सरळ नव्हता. १९९७ साली पहिला अल्बम आला, 'एन मी इम्पेरिओ', म्हणजे माझ्या साम्राज्यात. १९९८ साली दुसरा, 'द ओरिजिनल रूड गर्ल', अर्धा इंग्रजी, अर्धा स्पॅनिश, त्यात वायक्लिफ जॉनसारखा नावाजलेला माणूस तिच्याबरोबर होता. पण तो विकला गेला नाही आणि सोनी कंपनीने तिला सोडलं. मोठ्या कंपनीने सोडलेली बाई, वय सत्तावीसच्या आसपास, आणि बाजार सगळा पुरुषांचा. पुष्कळजणी इथूनच घरी गेल्या असतील.

ती २००३ साली 'दीवा' घेऊन आली, लहान कंपनीकडून. त्या अल्बमात 'कीएरो बाईलार' आहे. संगीत राफी मर्सेनारियोचं, शब्द तिचे. नावाचा अर्थ, मला नाचायचंय.

या गाण्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. भाच्याने मोबाइलवर एकेक ओळ मराठीत करून दिली. मी ती शिलाईच्या मापाच्या वहीत लिहून घेतली, अजून आहे. सांगणं साधं आहे. बाई म्हणते, मला नाचायचंय, घाम गाळायचाय, तुला खेटूनही नाचेन. पण म्हणून मी तुझ्याबरोबर तुझ्या खोलीवर येणार आहे असं समजू नकोस. एवढंच. त्या काळात ज्या नाचावर सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, तोच नाच ती नाचते. नाच सोडून ती सभ्य होत नाही. बंदी घालणाऱ्यांना ती सांगते की हा नाच माझा आहे, आणि सोबत नाचणाऱ्या पुरुषाला सांगते की नाचापुरतं ये. दोघांनाही एकाच गाण्यात उत्तर.

मी ते वहीत लिहिलं आणि मला माझी माय आठवली.

माझं माहेर पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी. नारळाची देवी करायची, तिला नथ, डोळे, साज चढवायचा. सव्वाच्या मापाने गहू दळून रोट करायचे, ते भाऊबंदांनी मिळून खायचे. रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर जातात. त्या रस्त्यावर बाया नाचतात. वर्षभर ज्या डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्या त्या दिवशी भर रस्त्यात फुगड्या घालतात. सासरे बघत असतात, दीर बघत असतात, चालतं. डफ वाजतो, हल्ली डीजे लागतो. तो एक सकाळचा रस्ता बायांचा.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. माय नाचत होती. माझी माय उंच, हाडापेराने मोठी, तिचा आवाजही जाडच. आमच्या भाऊबंदांतले एक मोठे, मानाचे गृहस्थ ओट्यावर बसले होते. मिरवणूक तिथे थांबली तेव्हा ते हसत काहीतरी बोलले. काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही, पण बाया एकदम गप्प झाल्या हे कळलं. डफवाल्याचाही हात थांबला. मायने फुगडीतला हात सोडला, पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्या जाड आवाजात म्हणाली, "मी कानबाईम्होरे नाची र्‍हायनू, तुम्हना म्होरे नही."

आणि डफवाल्याकडे बघितलं. त्याने वाजवायला घेतलं. माय नदीपर्यंत नाचत गेली.

घरी त्यावर बोलणं झालं. आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ती परत नाचली.

आता कुणी म्हणेल की कुठे कानबाई आणि कुठे सान हुआनचा क्लब. मला फरक कळतो. एक देवाचं, एक रात्रीच्या मौजेचं. पण बाई नाचायला लागली की बघणारा तिच्या नाचाचा अर्थ स्वतःकडे ओढून घेतो, हे दोन्हीकडे तेच. तो अर्थ त्याच्या हातातून काढून घ्यायला दोन्हीकडे बाईलाच तोंड उघडावं लागलं. मायने एका ओळीत उघडलं, ती ओळ गावापुरती राहिली. आयव्ही क्वीनने ती माइकवर म्हटली आणि वीस वर्षांनी ती अमळनेरच्या शिलाईच्या दुकानात पोचली.

दुसरी गोष्ट नावाची. रेगेटॉनचं नाव सगळ्या जगात नेलं ते डॅडी यांकीच्या 'गासोलिना'ने, २००४ साली. ते गाणं आमच्या इकडच्या डीजेवाल्यांकडेही असतं. त्यात एक बाई त्याला साद देते, अजून पेट्रोल दे म्हणून. तो आवाज काढला तर गाणंच उरणार नाही. तिचं नाव ग्लोरी. डॉन ओमारच्या गाजलेल्या गाण्यातही तीच आहे. २००५ साली तिने स्वतःचा अल्बम काढला, पण दुनियेने 'गासोलिना' म्हटलं की एकाच माणसाचं नाव घेतलं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी ग्लोरीचा आवाज वेगळा काढून ऐकायचा प्रयत्न केला. ती माइकपासून किती अंतरावर उभी असेल, असा विचार करत राहिले.

२०२० साली पोर्तो रिकोच्याच बॅड बनीचं एक गाणं आलं, एकटी नाचणाऱ्या बाईबद्दलचं. त्याचं ध्रुवपद नेसी नावाच्या मुलीने म्हटलं होतं. गाण्यावर तिचं नाव नव्हतं, आणि त्यावर लोक बोलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या गाण्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यावर नेसीचं नाव आलं आणि सोबत आयव्ही क्वीनचंही. बिलबोर्ड या अमेरिकेतल्या संगीत-नियतकालिकाच्या लॅटिन पुरस्कारांच्या कार्यक्रमात तिघांनी ते मिळून म्हटलं. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याला गणती नाही. जिचं नाव सुटलं होतं ती मुलगी आणि जिने सतरा वर्षांपूर्वी 'मला नाचायचंय' म्हटलं होतं ती बाई, एकाच मंचावर.

आयव्ही क्वीनची बाकी कारकीर्द मोठी आहे. २००५ मध्ये तिने बचाटा नावाच्या लॅटिन गाण्यांच्या चालीत रडणारी गाणी केली, त्या वर्षी तिचा पहिला संसार मोडला होता. २००७ चा 'सेन्तिमिएन्तो', २०१० चा 'ड्रामा क्वीन', २०१२ चा 'मूसा'. २०१३ साली ती आई झाली. हे अल्बम मी सगळे ऐकले, पण खरं सांगते, 'दीवा'वर मी जितकी थांबते तितकी दुसऱ्या कशावर थांबत नाही. मला तिची नखंही आवडतात. हाताच्या लांबीची वाटावीत अशी रंगवलेली नखं, ती तिची खूणच झाली आहे. पुरुषांसारखा आवाज म्हणणाऱ्यांपुढे तिने ती नखं नाचवली. आवाजही माझा, नखंही माझी.

२०२१ साली तिने आणखी एक काम केलं, ते मला गाण्यांइतकंच मोलाचं वाटतं. रेगेटॉनच्या इतिहासावर स्पॉटिफायने 'लाउड' नावाची दहा भागांची मालिका काढली, तिची निवेदक ती. पनामाचे मजूर, कॅसेटा, छापे, सगळं तिच्या त्या आवाजात. पुरुषांनी गाजवलेल्या संगीताची गोष्ट सांगायला बाई बसली. भाच्याने मला तुकडे तुकडे करून समजावलं. त्याच वर्षी कोलंबियाच्या करोल जीने आपल्या अल्बमात जुन्या मंडळींना मान देणारं एक गाणं केलं, त्यात आयव्ही क्वीनला बोलावलं. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, करोल जीचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिला आला. पूर्ण स्पॅनिश अल्बम घेऊन तिथवर पोचलेली ती पहिली बाई. आज या संगीतात बायांची रांग लागली आहे. त्यांतल्या कितीतरी जणी बारीक आवाज काढायचा प्रयत्न करत बसत नाहीत.

गेल्या फाल्गुनात मी माहेरी गेले होते. माय आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे धरतात, कानाने कमी ऐकू येतं. तिच्या उशाशी बसून मी मोबाइलवर 'कीएरो बाईलार' लावलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, "हाई बाई काय म्हनी र्‍हायनी?" मी वही काढून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हाई ते मी बी म्हनेल व्हतं." मला वाटलं होतं ती विसरली असेल. चाळीस वर्षांच्या आसपास झाली त्याला.

तिथून आल्यावर मी लिहायला बसले. आजवर मी दुसऱ्यांचे शब्दच म्हटले होते. आधी मराठीत लिहिलं, ते सगळं पुस्तकातलं वाटलं, फाडलं. मग अहिराणीत. ध्रुवपद मायचंच ठेवलं, जसंच्या तसं. नाना ढोलकीवर बसले. एक, चार, सात. त्यांना सांगावं लागलं नाही. भाच्याने ढोलकी वर ठेवली, डफ खाली ठेवला, आणि मला माइकच्या अगदी जाळीपाशी उभं केलं. पहिल्या टेकला मी सवयीने दोनदा मागे सरकले. त्याने खडूने फरशीवर माझ्या पावलांभोवती रेघ मारली.

तीन कडव्यांपैकी दोन झाली आहेत. तिसरं अडलं होतं. परवा रात्री फोनवर मायला दोन्ही कडवी ऐकवली. तिने पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा लावलं. मग ती म्हणाली, यात सगळं नाचायचंच आहे, आधीचं काम कुठे आहे? रात्रभर जागून कोण करतं ते? आणि फोनवरच, त्या चालीत, थांबत थांबत म्हणाली,

"गहू दयात, रोट करात, मंग वनू नाचाले."

मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात तिचं नाव लिहिलं. भाच्याला सांगून ठेवलंय, गाणं सुरू होताना पाटीवर गीतकार म्हणून दोन नावं हवीत, आणि मागे साद देणाऱ्या दोघीजणींचीही. नागपंचमीच्या आधी रेकॉर्डिंग पुरं करायचंय. त्याच्या आधी गिरणीत सव्वा पाच किलो गहू टाकायचेत.